बाजूला हो, वारा अडतोय

तुझा फोन काही उघडला नाही, हे आधी सांगून टाकते. नाहीतर तू तिकडे बसून मिशीतल्या मिशीत हसत राहशील, की बघ, शेवटी माझंच कुलूप भारी ठरलं. ठरलं बाबा! जव्हारच्या दुकानात हात टेकले, नाशिकच्या दुकानात टेकले. आपल्या जावयाने मोबाईलवर कसले कसले व्हिडिओ बघून डोळे लाल करून घेतले, त्यानेही टेकले. आणि तू? संक्रांतीचे तीळ अजून डब्यात होते, शेतावरून आलास, ओट्यावर जरा पडतो म्हणालास, आणि उठलाच नाहीस.

चार लोकांत मी तुला अहो-जाहो करायचे आणि चुलीपुढे अरे-तुरे. अंगणवाडीच्या बाईंची मर्यादा बघा, म्हणून बाया एकमेकींना सांगायच्या आणि तू भिंतीकडे तोंड करून हसायचास. आता इथे चार लोक नाहीत. तेव्हा चुलीपुढचंच बोलते.

मला तुझ्या फोनमधला एकच फोटो हवा होता. कुठला, ते तुला ठाऊक आहे. गेल्या बोहाड्यातला, देवीपुढे मुखवटे नाचवतात त्या रात्रीचा. आपल्या घराकडे त्राटिकेचं सोंग. आधी तुझ्या वडिलांनी नाचवलं, मग तू. तो थोरला मुखवटा तोंडावर बांधून नाचून आलास, मुखवटा सोडलास, केस कपाळाला चिकटलेले, गालावर दोरीचा वळ, आणि मी म्हणाले, "सोंग उतरवलंत तरी फरक काही पडला नाही हो." चार लोक होते ना, म्हणून 'हो'. तू असा खदाखदा हसलास की हातातल्या तांब्यातलं पाणी सांडलं. तेव्हा तुझ्याच फोनवर मी तो फोटो काढला. तेवढाच एक तुझा हसरा फोटो या जगात. एरवी कुणी समोर मोबाईल धरला की छाती काढून असा उभा राहायचास, जशी काय पोलीस भरती चालू आहे. आणि बहुतेक वेळा मोबाईल धरणारा तूच असायचास. जगाचे फोटो काढलेस मेल्या, स्वतःचे सोडून.

दिवसकार्याला आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. बघवेना रे. चोरी करताना धरल्यासारखा चेहरा. पाया पडायला आलेली माणसंसुद्धा बिचकत होती. तुझी आत्या मला बाजूला घेऊन म्हणते, "काश्या आजारी होता काय गं लई दिवस?" आजारी कुठला! त्या दिवशी तू रांगेत उपाशी उभा होतास आणि मशीन तुझ्या बोटांचे ठसे घेत नव्हतं, म्हणून चिडला होतास. आता हे काय प्रत्येकाला सांगत बसू?

वैशूला सातवा लागलाय. येऊ नको म्हटलं तरी दर रविवारी जव्हारहून येते. त्या आधारच्या फोटोसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, हा भिंतीवर नको. माझ्या बाळाला बाबा असे दिसायला नकोत. ते हसायचे, ते दिसलं पाहिजे." एवढंच बोलली आणि आत जाऊन रडली. तुझी लेक, रडणारही लपून. मग मीही पदर खोचला. म्हटलं, फोन घरात आहे, फोटो फोनमध्ये आहे, उघडायचा तेवढा.

तेवढाच!

फोन केव्हाचा बंद पडला होता. चार्जिंगला लावला, बटण दाबलं, आणि उजळलेल्या पडद्यावर कोण? मी! तोंड वासलेली, डोक्याला तुझा पंचा गुंडाळलेला, हातात सूप, डोळे वटारलेले. कुलूप न उघडताच तो फोटो समोर येतो, तिथे तू मला बसवून ठेवलं होतंस. अरे, हा फोटो तू खोडला होतास ना? माझ्या गळ्याची शपथ घेऊन सांगितलं होतंस, "खोडला, खोडला." तुझा फोन सदा खिशात, वर झाकणाचं कव्हर, मला कळणार कसं?

फोटो कुठला, ते बघताक्षणी आठवलं. दिवाळीनंतरचं खळं. सकाळचं ऊन कोवळं होतं, घाटाकडून वारा छान सुटला होता, आणि मी नागली उफणत होते. तुला म्हटलं होतं पोती धर. तू पोती ठेवलीस खाली आणि बरोबर वाऱ्याच्या तोंडावर जाऊन उभा राहिलास, पाठीवर ऊन घेत, मोबाईल वर करून. सगळा कोंडा परत नागलीतच. मी ओरडले, "बाजूला हो, वारा अडतोय!" तू हललास का? नाव नको. "अजून एकदा ओरड," म्हणालास, "मघाशी नीट आलं नाही." मी सूप उगारलं, तेव्हा कुठे हललास.

आता कुलपाचं ऐक. आश्रमशाळेत एवढ्या पोरींचा स्वयंपाक करून, तापली पातेली उचलून आणि घरी येऊन बांबू सोलून तुझी बोटं अशी गुळगुळीत झालेली, की बोट लावून फोन उघडणं तुला जमलंच नाही. म्हणून तू ठिपक्यांवरून बोट फिरवायचं कुलूप ठेवलंस. बरं, ठेवावं की एकच! तू डाळ ढवळत असताना पोरी मागून बघायच्या, फोन पळवायच्या आणि गाणी लावायच्या. दुसरा असता तर रागावला असता. तू नुसतं दर सोमवारी कुलूप बदलायचास. घरी येऊन मला सांगायचास, "आज अवघड काढलंय, बघू कोण उघडतं." शनिवारपर्यंत कुणीतरी उघडलेलं असायचंच, आणि तुला एवढा आनंद व्हायचा, जशी काय ती पोरगी बोर्डात पहिली आली.

म्हणून मी आधी गेले आश्रमशाळेत. पोरी गोळा झाल्या. तुझ्या आठवणीने आधी सगळ्याच रडल्या, मग फोन बघितल्यावर एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. एक धीट होती, ती म्हणाली, "काकी, हा तुमचा फोटो आम्ही रोज बघायचो. काका म्हणायचे, सोंग घरात नाही ठेवलं, हीच खरी त्राटिका."

वा रे वा! म्हणजे मी इकडे चार लोकांत अहो-जाहो करत होते आणि तिकडे तू शाळाभर माझी वरात काढत होतास.

पोरींनी मनापासून कुलपं काढून बघितली रे. "काकांनी असं काढलं होतं." "नाय गं, ते दिवाळीच्या आधीचं." "मधून खाली, मग तिरपं." प्रत्येकीला कुठलं ना कुठलं सोमवारचं येत होतं. फोन म्हणायला लागला, थोडा वेळ थांबा. मग म्हणाला, आणखी थांबा. शेवटी शेवटी असा फुगून बसला की बोट लावू देईना. तेव्हा ती धीट पोरगी हळूच म्हणाली, "काकी, काका सोमवारीच गेले ना. त्या आठवड्याचं आम्हाला अजून मिळालंच नव्हतं."

मी तिथेच तुझ्या भांडारघराच्या पायरीवर बसले. नव्या स्वयंपाक्याने चहा आणून दिला. चहा तुझ्यासारखा नव्हता, साखर कमी होती.

जव्हारच्या मोबाईलवाल्याने फोन उलटापालटा केला. "मावशी, दोनच रस्ते. कुलूप आठवा, नाहीतर आतलं सगळं पुसून फोन कोरा करून देतो."

"आणि फोटो?"

"पुसलं म्हणजे तेही गेले. इंटरनेटवर कुठे चढवून ठेवले असतील तर मिळतील." मग पडद्याकडे बघून हसला. "हा तुमचाच ना? कुणावर एवढ्या चिडलात?"

"ज्याचा फोन आहे त्याच्यावर," म्हटलं. बिचाऱ्याने फोन दोन्ही हातांनी परत दिला. नाशिकच्या दुकानातही तेच उत्तर, फक्त तिथे बसायला गार हवा होती.

इंटरनेटवर चढवणं! यावरून आपलं केवढं भांडण. वैशू कानीकपाळी ओरडत होती, बाबा, फोटो चढवून ठेवा, फोन पाण्यात पडला तर जातील. आपल्या घरात नेटवर्क नाही, पाण्याच्या टाकीजवळच्या टेकाडावर जाऊन उभं राहावं लागतं, हे कारण तू पुढे करायचास. खरं कारण वेगळंच. "आपली नागली आपण दुसऱ्याच्या कणगीत ठेवतो का?" म्हणायचास. मी म्हणायचे, "आणि आपल्या कणगीला घूस लागली तर?" तर म्हणे, "तू असताना घूस घरात शिरेल होय?" झालं, मला हसू यायचं आणि भांडण तिथेच राहायचं. या भांडणात मी बरोबर होते, काशिनाथ. सरळ नाव घेऊन सांगते. पण बरोबर असून करू काय, हरल्याचं तोंड करून समोर बसायला तू पाहिजेस ना.

मग गावात सांगितलं, ज्याच्याकडे यांचा फोटो असेल त्याने आणून द्या. काय सांगू, माणसं लोटली रे! भाताची गाडी चालवणारा आला, सोसायटीतला आला, मोखाड्याहून तुझा मित्र आला. किती फोटो निघाले तुझे! आणि सगळेच्या सगळे त्राटिकेचे. त्राटिका समोरून, त्राटिका बाजूने, त्राटिका तलवार उगारताना, त्राटिकेच्या मांडीवर कुणाचं तरी रडणारं पोर. तुझं तोंड एकातही नाही. एका फोटोत कान होता. वैशूने एकेक बघितले आणि जी हसायला लागली, पोट धरून भिंतीला टेकली. म्हणाली, "आई, बाळाला सांगू, हे बघ तुझे आजोबा, दात एवढे, जीभ लाल." तू गेल्यापासून पहिल्यांदा हसली. मीही हसले. येत्या बोहाड्याला सोंग तुझा धाकटा भाऊ नाचवणार आहे, मुखवट्याला आतून फडकं लावून घेतलंय त्याने, गाल कापू नये म्हणून. तुला हे सुचलं नाही इतक्या वर्षांत.

आमचं हसणं ऐकून आई बाहेर आल्या. तुझ्या आईला आता मोतीबिंदूने नीट दिसत नाही, माणूस आवाजावरून ओळखतात. उरलेलं सगळं म्हणजे उजेड आणि अंधार. म्हणाल्या, "फोनमध्ये काय हाय तं एवढं? मला पण दावा."

वैशूने तुझा फोन हातात दिला. "काही नाही आजी, आईचा फोटो आहे. ओरडतेय."

आईंनी फोन पार नाकाजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "तुझी आय कठं दिसतं मला? मला तं ह्यो दिसतो."

"कोण?"

"काश्या. ह्यो काय, उभा हाय नं."

वैशूने माझ्याकडे बघितलं. मी खुणेने म्हटलं, असू दे, म्हातारीच्या मनात आहे ते दिसतंय तिला. पण आई ऐकेनात. बोट पडद्यावर आपटायला लागल्या, अगदी खाली, माझ्या पायांशी. "डावा खांदा पडलेला दिसत नाय तुम्हाला? आंब्यावरनं पडला तवापासून असाच हाय त्याचा. मला आंधळीला दिसतो नि तुम्हाला नाय?"

वैशूने पडद्याचा उजेड वाढवला.

तिथे तू होतास. तुझी सावली. पाठीवर ऊन घेऊन उभा होतास ना, ती फोटोच्या खालच्या कडेपासून निघून नागलीच्या राशीवरून थेट माझ्या पायांपर्यंत आली होती. डोक्यावरची टोपी, मोबाईल धरलेली दोन्ही कोपरं बाहेर, आणि डावा खांदा खाली. आम्ही इतके दिवस तिला घोंगडी समजत होतो. शाळेतल्या पोरी, जव्हारचा दुकानदार, नाशिकचा, सगळ्यांनी बघितलं, आणि सगळ्यांना मीच तेवढी दिसले, कारण मी ओरडत होते.

मला रडू फुटलं. लपवलं नाही. आईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "रड. पण फोन भिजवू नको."

मग काय, माझ्या फोनने तुझ्या फोनच्या पडद्याचा फोटो काढला. दुसरा इलाजच नव्हता. त्यात वर घड्याळ आलं, कोपऱ्यात बॅटरी आली, खाली 'आणीबाणी कॉल' ही अक्षरं आली, बरोबर तुझ्या टोपीखाली. बाजाराच्या दिवशी खोडाळ्याला फोटोवाल्याकडे गेले आणि सांगितलं, "आमचे हे गेले, त्यांचा फोटो आहे, मोठा करून काच लावून दे." बाजार करून परत येते तर फ्रेम तयार, आणि माझ्या वटारलेल्या डोळ्यांखाली सोनेरी अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

म्हटलं, "अरे बाबा, मी जिवंत तुझ्यासमोर उभी आहे!"

त्याचा चेहरा पांढराफटक. "काकी, तुम्हीच म्हणालात गेलेल्याचा फोटो..."

"मग गेलेला दिसत नाही का त्यात?" आणि आईंसारखंच बोट आपटलं.

त्याने वाकून बघितलं आणि एकदम म्हणाला, "काका! खांदा त्यांचाच की!" दर बाजाराला त्याच्याकडे उभा राहून चकाट्या पिटायचास, ओळखणारच. अक्षरं काढून टाकली. घड्याळ आणि 'आणीबाणी कॉल'ही पुसतो म्हणाला, मी म्हटलं राहू दे, आमच्या घरात तेही खरंच आहे. फ्रेम बांधताना मात्र तो ओशाळून म्हणाला, "काकी, जरा धूसर वाटेल हं. माझ्या मशीनचा दोष नाही, मूळ फोटोच हललाय. काढताना हात हलला असणार."

मी फ्रेम छातीशी धरून जीपमध्ये बसले आणि सगळ्या रस्ताभर तेच डोक्यात. तुझा हात? भरलेलं पातेलं दोन्ही हातांनी उचलताना थेंब सांडायचा नाही, त्या माणसाचा हात हलला? हात नाही हलला. तू हसत होतास. मी ओरडत होते आणि तू मोबाईलमागे हसून हसून असा हलत होतास, की तिकडे मीही हलले आणि नागलीची रासही हलली.

घरी आल्या आल्या वैशूला सांगितलं. तिने फोटो कितीतरी वेळ बघितला. मग स्वतःच खिळा ठोकायला उठली, मी ओरडले, तर म्हणाली, "बघ, फोटोतल्यासारखीच दिसतेस." आता तिच्या बाळाला मी सांगणार आहे, ही आजी, ही का ओरडतेय? कारण हे तुझे आजोबा समोर उभे राहून हसतायत. फोटो हललाय ना, ते त्यांचं हसू आहे. सगळं त्यात आहे. तो बोहाड्यातला फोटो राहू दे तुझ्या कणगीत, तुझ्याच कुलपात. फोन मी कोरा करून घेतला नाही आणि घेणारही नाही. पहाटे तुझा गजर अजून वाजतो. तो बंद करायला कुलूप काढावं लागत नाही, एवढी तरी माया त्या यंत्राला आहे. मी त्याला दोन शब्द सुनावते आणि चूल पेटवते.

एक राहिलं. शेजारच्या वहिनी फुलांचा हार घेऊन आल्या होत्या, तुझ्या फोटोला घालायला. आईंनी नुसता आवाज ऐकला आणि ओट्यावरून कडाडल्या, "जित्या बाईच्या फोटूला हार घालतंस? काढ तो!" वहिनी घाबरून हार परत घेऊन गेल्या. बरोबरच आहे. मी त्यात आहे तोवर त्या फोटोला हार चढायचा नाही. म्हणून गावातल्या सगळ्या गेलेल्या माणसांत तूच एकटा असा आहेस, जो बिनहाराचा, ऊन पाठीवर घेऊन, माझ्या पायांशी येऊन उभा आहे. मला यात फार बरं वाटतं, काशिनाथ. खरंच सांगते.

यंदाही दिवाळीनंतर खळं होईल. मी सूप घेऊन उभी राहीन, आणि ऊन कोवळं असेल तेव्हा त्या बाजूला बघेन. बाजूला हो म्हणणार नाही. वारा अडला तर अडू दे.